इस्त्रीला गोडं पाणी

सुनेने परवा नवी इस्त्री आणली. वाफेची. तिच्या पोटात पाणी भरायचं आणि बटण दाबलं की फुस्स करून वाफ येते. सोबत एक कागद होता. महिन्यातून एकदा आतला क्षार काढा, शक्यतो शुद्ध पाणी वापरा, असं त्यात लिहिलेलं. सून वाचत होती आणि मी खाटेवर पडून ऐकत होते. आमच्या गावाकडे त्या क्षाराला नुसतं खार म्हणत. त्या खाराने माझ्या हातांची वाट लावली, पण तेव्हा कागद कुणी दिला नव्हता. मला इस्त्रीचा मनापासून कंटाळा आहे, आणि या वयात तो लपवायचीही गरज वाटत नाही.

लग्न होऊन मी ज्या घरात आले तिथे तीनच माणसं होती. मी, माझे यजमान आणि त्यांची आई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत. यजमान गावच्या शाळेत मास्तर. पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि दोन्हींना कडक खळ. मास्तरच चुरगळलेला दिसला तर पोरं काय शिकणार, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं त्यांचं आणि हात माझे.

गाव संग्रामपूरच्या खाली, पूर्णा नदीच्या अंगाला. वर सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोड लागतं, आणि चार कोस खाली आलं की विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही. अंगणातली आमची विहीर अशीच होती. गोडं पाणी कोसभर लांब, नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर. रोज पहाटे एक घागर आत्याबाईंची, एक माझी. घरी आल्यावर त्या घागरी आतल्या घडवंचीवर चढत आणि त्यांच्यावर ताटली पडे. दारातल्या रांजणात खारं पाणी, हातपाय धुवायला आणि धुण्याभांड्यासाठी. आत्याबाईंचा एकच कायदा होता. "गोडं पानी पोटाले, खारं पानी हाताले." पाव्हण्याला पाणी दिलं आणि त्याने तांब्यात घोटभर ठेवलं, तर तो घोट त्या पुन्हा गाळून ठेवत. दोन वर्षांत तो कायदा माझ्याही अंगवळणी पडला होता.

इस्त्री पितळेची होती, आत बाभळीचे निखारे भरायची. कपाशीच्या पऱ्हाटीचा विस्तव टिकत नाही, फक्त राख उडवतो. दर रविवारी मी कपड्यांवर पाणी शिंपडायची आणि इस्त्री फिरवायची. शिंपडायचं पाणी अर्थात रांजणातलं. गरम पितळेवर त्या पाण्याचा पांढरा थर बसे, त्यात खळ करपून मिसळे आणि इस्त्रीच्या बुडाला खरबरीत तपकिरी पापुद्रा धरे. पुढच्या खेपेला तोच पापुद्रा सुटून सदऱ्यावर उमटे. म्हणून इस्त्री करण्याआधी ती घासायची. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन गुडघ्यात धरून घासायची, नखं झिजेपर्यंत. मग रांजणातल्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवायची, मेणाच्या फडक्यावरून फिरवायची. एवढं करून चारच कपडे नीट होत. पाचव्याला पुन्हा डाग. मी इस्त्रीला शिव्या देत असे, मनात. कधीकधी मोठ्यानेही.

मी सातवी पास होते. माझ्या माहेरच्या वस्तीत तेवढी शिकलेली मी एकटीच. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता, गावोगावी शाळा निघत होत्या आणि मास्तरणी मिळत नव्हत्या. यजमानांनी माझा अर्ज केला आणि बुलढाण्याला मुलाखतीचं पत्र आलं. ती नोकरी मला हवी होती. किती हवी होती हे मी कुणाला सांगितलं नाही. घागर, चूल, इस्त्री, घागर, या फेऱ्याला मी विसाव्या वर्षीच थकले होते. बाहेर पडायचं ते एवढंच दार मला दिसत होतं.

घालण्यासारखं एकच होतं, हिरव्या काठाचं पांढरं पातळ. आदल्या दिवशी इस्त्री दुप्पट वेळ घासली. पातळ जवळजवळ झालंच होतं, आणि पदरावर, अगदी छातीवर येतो तिथे, रुपयाएवढा तपकिरी डाग पडला. लिंबू चोळलं तर तो पसरला. दुसरं पातळ नव्हतं.

मुलाखतीला मी डावा हात पदरावर ठेवून बसले. उत्तरं चांगली दिली. मग समोरचे गृहस्थ म्हणाले, फळ्यावर नव्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची नावं लिहा, आधी रेघा आखून घ्या. फळ्यावर रेघ आखायची तर डाव्या हाताने पट्टी दाबावी लागते. मी पट्टी घेतलीच नाही. उजव्या हातानेच रेघा ओढल्या आणि त्या उतरणीला लागल्या. "बाई, पट्टी का धरत नाही?" त्यांनी विचारलं. मी तशीच पुढची रेघ ओढली. काय सांगणार? नोकरी मिळाली नाही. परतीच्या एसटीत मी पदरावरचा हात काढला, तेव्हा तो कोपरापासून दुखत होता.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मला धड आठवत नाही. तेच रविवार, तीच चिंच. शिमग्यानंतर पुन्हा एकदा पत्र आलं. त्याच आठवड्यात शेगावकडचा कल्हईवाला आमच्या अंगणात भाता लावून बसला होता. म्हातारा मुसलमान, दरसाल येणारा, आत्याबाईंच्या माहेरच्या ओळखीतला. मी बाजूला इस्त्री घासत होते. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला.

"बाई, इमलीनं घासता हे बराबर हाये," तो म्हणाला. "पर मंग धुता कायच्या पान्यानं?"

मी रांजणाकडे बोट दाखवलं.

"मंग जनमभर घासा," तो म्हणाला. "जे काढून राह्यल्या, तेच पुन्हा लावून राह्यल्या."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तीन वर्षं मी बूड खरवडत होते आणि दोष पाण्याचा होता. हे मला कधी सुचलंच नाही. गोडं पाणी कपड्यावर शिंपडायचं ही गोष्ट आमच्या घरात सुचण्यातलीच नव्हती, जशी दुधाने अंगण सारवायची सुचत नाही. आत्याबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. त्यांनी ऐकलं असणार, कारण सूप क्षणभर थांबलं. मग पाखडणं पुन्हा सुरू झालं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी इस्त्री घासली आणि सवयीने रांजणाकडे वळले.

"थांब वं," मागून आवाज आला. आत्याबाई आतली घागर कमरेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची स्वतःची घागर, पहाटेची, भरलेली.

"आत्याबाई, पिण्याचं पाणी आहे ते."

"मले दिसते. डोये हायेत मले. इस्त्री धर."

मी इस्त्री उपडी धरली आणि त्यांनी बारीक धारेने पाणी ओतलं. चिंच निघाली, राख निघाली आणि पिवळंधमक पितळ वर आलं. त्यांनी ते पदराने पुसलं. मग म्हणाल्या, दिवाळीला घेतलेलं पातळही याच पाण्यातून काढ, शिंपडायलाही हेच घे. घागर अर्धी झाली, मग पाऊण रिकामी झाली. त्या शांतपणे ओतत होत्या.

"नोकरी लागली तं दूरच जाशीन," त्या म्हणाल्या.

"जवळचं गाव मिळेल," मी म्हटलं.

"हाव," त्या म्हणाल्या. ते खरं नाही हे दोघींनाही माहीत होतं.

माझी घागर दुपारपर्यंत संपली होती. उरलेलं गोडं पाणी प्यायला ठेवलं आणि त्या संध्याकाळचं वरण खाऱ्या पाण्यात झालं. डाळ दाताखाली कचकच वाजत होती. यजमानांनी पहिल्या घासालाच माझ्याकडे पाहिलं. "चावून खाय," आत्याबाई त्यांना म्हणाल्या. स्वतः त्यांना दाढा नव्हत्या. त्या दाणा दाणा हिरडीने दाबत जेवल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी डाव्या हाताने पट्टी दाबून धरली. रेघा सरळ आल्या.

नेमणूक दुसरबीडला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्षभरात यजमानांनीही तिकडे बदली करून घेतली. आत्याबाई आल्या नाहीत. घरच्या म्हशीकडे कोण पाहणार, म्हणाल्या. दुसरबीडला घराच्या दारात विहीर होती आणि तिचं पाणी गोड. प्यायला तेच, धुण्याला तेच. तिथे मी नवी इस्त्री घेतली. तिला डाग कधी पडला नाही आणि इस्त्रीचा विचारही मी कधी केला नाही. माणूस सुखाला फार लवकर सरावतो. मला त्याची लाज त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाटली.

सुट्टी लागली तशी मी एकटीच पुढे आले. यजमान परीक्षेच्या कामात अडकले होते. दोन एसट्या बदलून, फाट्यावरून चालत, भर दुपारी घरी पोचले. आत्याबाईंनी तांब्या हातात दिला. मी घटाघटा प्याले. पाय भाजले होते. शाळेतून आल्यावर मी रोज करायची तसंच केलं. आत जाऊन समोरच्या घागरीतून तांब्या भरला आणि उंबऱ्यावर बसून पायांवर ओतला. मग आणखी एक. मग तिसरा. फार बरं वाटलं.

आत्याबाई बघत होत्या. आत गेल्या, घागरीत डोकावल्या, उरलेलं पाणी तांब्यात काढून झाकून ठेवलं आणि रिकामी घागर घेऊन बाहेर पडल्या. घडवंचीवर दुसरी घागर नव्हती. एकट्या म्हातारीला एकच पुरायची. त्यांना एका खेपेपेक्षा जास्त झेपतही नसणार.

त्या अंगणातून बाहेर गेल्या तरी मला उमगलं नाही. उठले, दोरीवरचं फडकं घ्यायला वळले आणि कोनाड्यात माझी जुनी इस्त्री दिसली. उचलून उपडी केली. बूड पिवळंधमक, खाराचा कणही नाही. चिंच आणि राख शेजारीच करवंटीत होती, अजून ओलसर. त्या घरात वर्षभर इस्त्री करायला कुणाचा कपडाच नव्हता. मी येणार म्हणून कळवलं होतं, आणि माझं पातळ खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती घासून गोड्या पाण्याने धुऊन ठेवली होती. अंगणात माझ्या पायाखालचा चिखल अजून सुकला नव्हता. मला रडू आलं, आणि रडायचीही लाज वाटली.

मी तशीच अनवाणी धावले. त्या नाल्याच्या वाटेवर बाभळीपर्यंत पोचल्या होत्या, घागर डोक्यावर, एक हात कमरेवर. धुळीने माझे पाय पुन्हा माखले होते. मी घागरीला हात घातला.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"तू काऊन आली वं?" त्या म्हणाल्या. "आत्ताच तं पाय धुतले ना तुनं."