तोंडपाठ तक्ता

फिरत्या दवाखान्याच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. पांढरी गाडी, आत एक डॉक्टर, एक नर्स, औषधांची कपाटं, आणि पुढे मामा. गावात पोचलं की टेबल मांडायचं, रांग लावायची आणि डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता गाडीच्या मागच्या दारावर टांगायचा, हीही कामं मामांचीच. दिवसभर म्हातारेकोतारे एकेक डोळा झाकून तीच अक्षरं वाचत. ऐकून ऐकून मामांना तक्ता वरपासून खालपर्यंत पाठ झाला होता.

ते एक बरंच झालं, कारण गेले कित्येक महिने मामांच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. मोतीबिंदू. रोज दुसऱ्यांचा ऐकायचे, स्वतःचा कळत नव्हता थोडाच? पण बोललं की गाडी सुटली, आणि गाडी सुटलेला ड्रायव्हर म्हणजे घरातली अडगळ. रस्ते पायाखालचे होते, त्यावर निभत होतं. बायकोने विचारलं की थकलोय म्हणायचे. तेही खोटं नव्हतं. संध्याकाळी परतताना डॉक्टर आणि नर्सबाई बसल्या जागी पेंगत, जागे तेवढे मामा.

त्या सकाळी मात्र कुणीतरी रस्त्यात नवा गतिरोधक घालून ठेवला होता. तो काही मामांच्या पाठांतरात नव्हता. गाडी अशी उडाली की औषधांच्या बाटल्या खाली आणि डॉक्टरांचं डोकं टपाला. डॉक्टर वयाने लहान, पण समजूतदार. रागावले नाहीत. गावात उतरल्यावर एवढंच म्हणाले, की मामा, आज पहिला नंबर तुमचा, तक्ता बाई टांगतील.

मामा मनात म्हणाले, हात्तिच्या, एवढंच ना. गाडीच्या मागे ठरल्या जागी उभे राहिले, डावा डोळा झाकला आणि दाराकडे तोंड करून धडाधड सुरू झाले. वरचं मोठं अक्षर, त्याखालची दोन, मग तीन, पार तळातली मुंगीएवढी ओळसुद्धा. एक चूक नाही. हात खाली घेऊन ते शाबासकीची वाट बघत राहिले.

मग नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, तक्ता अजून माझ्या हातातच आहे."

रांगेतला एक म्हातारा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि आम्ही मागे खुशाल झोपायचो," बाई म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर मामांनी चार कारणं सांगितली असती. पण त्यांचा आवाज कापत होता. मामांनी खिशातून किल्ली काढून डॉक्टरांच्या हातात ठेवली.

परतताना डॉक्टरांनी गाडी चालवली. मामा मागे, बाईंच्या शेजारी. आज तुम्ही झोपा, असं बाईंनी सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले. पण वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता.

"बाई," बऱ्याच वेळाने ते डोळे न उघडता म्हणाले, "ऑपरेशननंतर मला तपासाल ना, तेव्हा दुसरा तक्ता आणा. हा माझा पाठ आहे."