डाव्या पायाचा डिपर

समोरून काही येताना दिसलं की आमच्या ड्रायव्हरांचा डावा पाय खाली आपटायचा. टप्. आमच्या जुन्या जीपमध्ये डिपरचं बटण तिथंच होतं. पायानं दाबलं की दिव्यांचा झोत खाली जाई. पुढच्या गाड्यांत डिपर स्टिअरिंगजवळ आला. हात तिकडे जाऊ लागला, पण पाय आपटायचा राहिला नाही. जुन्या ड्रायव्हरांच्या अशा खोडी तुम्हीही पाहिल्या असतील.

बावीस वर्षं ते माझी गाडी चालवत होते. विजय नगरातलं माझं टाइल्सचं दुकान मी सायकलवर नमुने फिरवून उभं केलं आहे. आमचे ड्रायव्हर ट्रकला डिपर देत, सायकलला देत, बैलगाडीलाही देत.

"अहो, बैलाला काय कळतं?" मी चिडायचो.

"बैलाले डोळे हायेत ना, भाऊ."

मग नवी गाडी आली. शोरूमवाल्याला घाम फोडून मी सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं. समोर गाडीचे दिवे दिसले की तिचा झोत आपोआप खाली जायचा, गाडी गेली की वर यायचा.

"आता तुमच्या पायाला सुटी," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

त्याच आठवड्यात जवळच्या बरेला गावाहून परतताना अंधार पडला. समोरून बिनदिव्याचा सायकलवाला आला. झोत खाली गेलाच नाही. त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि सायकलसकट रस्त्याखाली घसरला. आमच्या ड्रायव्हरांनी उतरून त्याला उठवलं, त्याची माफी मागितली आणि परत बसल्यावर ते ऑटोमॅटिक बंद करून टाकलं.

"काहून बंद केलं?"

"हे गाडीचे दिवे पायते, भाऊ. माणूस नाही पायत."

"चालू करा. गाडी माझी आहे."

"मी नाही करत. तुमीबी याच सडकेनं सायकलवर जात होते."

हे मला तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नका."

"अच्छा," ते म्हणाले. मला घरी सोडलं, चावी हातात दिली आणि पायी निघून गेले.

मी हाक मारली नाही. भाव न पटून उठलेल्या गिऱ्हाइकालाही मी हाक मारत नाही. ते दुकानाच्या पायरीपर्यंत जातं आणि वळतं. माझा सगळा धंदा यावर चालला आहे. दिवाळी गेली, होळी गेली. मी थांबलो होतो.

सदर बाजारात त्यांची मुलगी भेटली.

"बाबांना जाऊन तीन महिने झाले."

"मला कळवलं काहून नाही?"

"भाऊ बोलावतीलच म्हणून फोन उशाशी घेऊन झोपायचे. तुम्ही एकदा केला असता, तर कळलं असतं."

तिनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तरी घरच्यांनी मला कळवायला हवं होतं, असं मी आजही म्हणतो.

आता गाडी मीच चालवतो. त्यांनी बंद केलेलं ऑटोमॅटिकचं बटण तसंच आहे. परवा बरेल्याच्या रस्त्यावर समोरून सायकल आली. मी डिपर दिला. झोत खाली गेला. सायकलवाला सरळ निघून गेला.

टप् असा आवाज मात्र आला नाही.