दहा नावांचा नियम

डिसेंबर १९७०, तिसरा बुधवार. स्थळ: भोर, शिंप्याचं दुकान. हजर: दुकानाचे आणि रेडिओचे मालक मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, मास्तरांकडे काज-बटणं करणारा हिर्डोशीचा माझा मित्र, आणि मी, आमच्या श्रोता मंडळाचा सेक्रेटरी. गैरहजर: कोणी नाही.

ही वही अजून माझ्याकडे आहे. दर बुधवारी आठला रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांची क्रमवारी लागायची आणि कुठलं गाणं कितव्या पायरीवर, ते मी लिहून घ्यायचो. त्या वर्षी एकाच गायकानं सगळी शिडी अडवली होती. पहिली पायरी त्याची, दुसरी त्याची, मध्ये कुणी चुकून दुसरा, की पुन्हा तोच. त्याच्या नावाखाली मी 'वरीलप्रमाणे' लिहायला लागलो होतो.

"शिडी त्याच्या बापाचीच हाय," कंपाउंडर म्हणायचा. "दुसऱ्यानं चढायचं कुठनं?"

आम्हाला तो आवडत होताच. म्हणून वर्षअखेरीला मंडळाच्या पसंतीचं कार्ड पाठवायचं ठरलं. कार्डावर ज्यांची नावं असत, ती निवेदक वाचून दाखवी. नियम मी केले. प्रत्येकानं दहा गाण्यांची चिठ्ठी द्यायची, जास्त मतांची गाणी कार्डावर. अपुरी चिठ्ठी बाद, आणि चिठ्ठी बाद तर नावही नाही.

मित्राच्या चिठ्ठीवर एकच गाणं होतं. ते त्या गायकाचं नव्हतं. एका बाईंनी म्हटलेलं, क्रमवारीत कधीच वर न आलेलं.

"बाकीची नऊ कुठंयत?" मी विचारलं.

"मला एकच पायजे. नऊ उसनी आणू का?"

"नियम नियम आहे."

"व्हय सेक्रेटरी," तो हसून म्हणाला आणि बटण लावायला लागला. मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. मी चेष्टा करत नव्हतो. त्याची चिठ्ठी वहीत ठेवून दिली, कार्डावर तीन नावं लिहिली आणि पोस्टात टाकलं. त्याला सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही, हे खरं.

त्या तिसऱ्या बुधवारी आमचं कार्ड वाचलं गेलं. मास्तरांनी मशीन थांबवलं. तीन नावं आली आणि लागलं त्याच गायकाचं गाणं. मित्राची सुई हातातच राहिली.

"माझं ऱ्हायलं व्हय रं?"

"वेळ कमी असतो त्यांना," मी म्हणालो.

तेव्हा त्यानं सांगितलं. त्याची धाकटी बहीण वेल्ह्याकडे दिलेली. तिच्या लग्नात मानपानावरून तिच्या सासऱ्याशी त्याचं वाजलं होतं आणि हा भरल्या पंगतीतून उठून गेला होता. दोन वर्षं भाऊबीज नाही. ते गाणं ती नाचणी पाखडताना म्हणायची. त्यानं एका ओळखीच्या माणसाकडून निरोप धाडला होता: बुधवारी रेडिओपाशी बस, तुझं गाणं लागंल, माझ्या नावानं. तिच्या सासरी रेडिओ होता. घरची सगळी बसली असणार.

पुढच्या आठवड्यात त्याच माणसाबरोबर तिचा निरोप आला. मास्तरांच्या देखतच त्यानं तो सांगितला: "म्हणाली, सासरच्यांपुढं माझी थट्टा करून काय मिळालं, दादाला इचारा."

मित्र वेल्ह्याला गेला नाही. समजावायला काय घेऊन जाणार? नाव स्टेशनवाल्यांनी गाळलं, असंच तो शेवटपर्यंत समजत होता. मीही समजू दिलं. आमच्या एका कार्डानं त्या गायकाची एक पायरीसुद्धा वाढली नसती. तो तसाही वरच होता.

मागच्या दिवाळीआधी मित्र वारला. हिर्डोशीला मी दोन दिवस होतो. आलेल्यांची यादी मीच केली. बहीण त्यात नव्हती.

चिठ्ठी वहीत आहे, त्याच्याच अक्षरातली, एक गाणं आणि खाली त्याचं नाव. डायरी बदलली की राहिलेली कामं मी नव्या डायरीत उतरवतो. यंदाच्या पहिल्या पानावर चार होती. घरपट्टी, चष्मा आणि छपराचे पत्रे बदलणे, ही तीन झाली. चौथं तसंच आहे: वेल्हे. स्वतः जाणे. चिठ्ठी तिच्या हातात देणे, आणि ती कोणी अडवली ते सांगणे.