सगळ्या बाह्या डाव्या

आमच्या शाळेचे गणवेश मंगळवार पेठेतल्या एका शिवणकामाच्या युनिटमध्ये शिवून घेतो. तिथल्या दहा-बारा बायकांचं काम सांभाळणाऱ्या बाईंना सगळ्या अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचा आवाज जिन्यातच कानावर आदळतो. "कात्री खाली कुणी ठेवली गं? पाय कापून घ्यायचा हाय का?" ओरडतानाही त्यांच्या दातांत टाचणी असते आणि ती कधी पडत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मी चौकशीला गेलो होतो. तेवढ्यात कापड बेतणारी बाई उठून समोर आली.

"अक्का, माझं चुकलं. कापडाचा एक थर सुलटा, एक उलटा घालायचं इसरले. सगळ्या बाह्या डाव्याच निघाल्यात."

मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. अक्कांनी तोंडातली टाचणी काढली. आवाज एकदम खाली आला.

"बरं झालं, लगेच सांगितलंस. शिवल्यावर कळलं असतं तर वाट लागली असती की."

मग माझ्याकडे वळल्या. "सर, दोन दिवस उशीर हुईल. कापायच्या आधी थर मी बघायला पायजे हुते, न्हाई बघितले."

त्या बाईनं नवं कापड अंथरायला घेतलं. दुसरं टोक धरून अक्का खाली बसल्या.

मी शाळेचा मुख्याध्यापक आहे. इतक्या वर्षांत एकही शिक्षक 'सर, माझं चुकलं' म्हणत माझ्या केबिनमध्ये आलेला नाही. त्या दिवसापर्यंत मी ते माझ्या शिस्तीचं यश समजत होतो.