बावतीसने जागा बदलली नाही

मोनावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. बावतीस झोपेतच गेला होता. त्याला आता महिना होत आला, पण डोळ्यांसमोर येते ती नंदाखाल गावच्या मैदानावरची एक संध्याकाळ...

त्या काळी आम्ही दोघं वसई-विरारभर बास्केटबॉलचे सामने चालवायचो. पंच दोनच. एक बास्केटखाली, दुसरा मागे मैदानात. फाउल दिला की टेबलाकडे जाऊन खेळाडूचा नंबर सांगायचा आणि मग दोघांनी जागांची अदलाबदल करायची, म्हणजे सामनाभर एकच पंच प्रेक्षकांच्या एकाच टोळक्यासमोर राहत नाही. यात बावतीस महाखडूस. मी जरा आळस केला की भर मैदानात म्हणायचा, "सावंता, मुळं फुटली काय तुला? जागा बदल."

त्या फायनलला एका बास्केटमागे काही माणसं येऊन उभी राहिली. टाळी नाही, आरडाओरडा नाही, नुसती बघत होती. जमिनींच्या व्यवहारात दादागिरी करणाऱ्या एकाची ती माणसं, आणि त्याचाच भाऊ खेळत होता. मध्यंतरात त्यांच्यातला एक अगदी हळू आवाजात बावतीसला म्हणाला, "चार फाउल झालेत त्याचे. पाचवा देणारा इथून चालत जाणार नाही." पाचव्याला खेळाडू बाहेर, हे त्यांनाही ठाऊक होतं. "बावत्या, सोडून दे रे," मी म्हटलं. तो पाणी पीत राहिला.

शेवटी शेवटी त्या पोराने समोरच्याला हवेतच ढकललं. बावतीस नेमका ती माणसं उभी होती त्याच बास्केटखाली होता. त्याने शिट्टी मारली, टेबलाकडे जाऊन नंबर सांगितला. आता नियमाप्रमाणे त्या माणसांपुढे मी जायचं होतं. निघालोही. तर हा माझ्या आधी तिथे परत. हातानेच मला थांबवलं, आणि फ्री थ्रोचा चेंडू घेऊन त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला...

मागून लोखंडी सळई आली. गुडघा कायमचा गेला. एवढ्या गर्दीत कोणी काही पाहिलं नाही म्हणे.

पुढे कधी विषय काढला की म्हणायचा, "गडबडीत विसरलो रे जागा बदलायला." बावतीस आणि विसरला? मला रागच यायचा त्याचा.

परवा त्याच्या घरी गेलो. ओटीवर त्याची खुर्ची, अधू पाय टेकवायला पुढे ठेवलेलं स्टूल, सगळं तसंच. "बसा ना, भावोजी," खुर्चीकडे हात करून वहिनी म्हणाल्या.

त्या जागेवर मला जाववेना.