ओढून नाही, लादून

नवी मोटरसायकल घेताना बायकोने एकच अट घातली होती आणि मी ती हसत हसत मान्य केली होती. मी हसत हसत काय काय मान्य केलं आहे आणि पुढे त्याचं काय झालं आहे, हे आठवलं असतं तर तेव्हाच सावध झालो असतो.

"ही गाडी ज्या दिवशी कोणी वढत घरी आणन, त्या दिवशी इकाची. मंग मले काही सांगाचं नाही."

ओढून आणली तर विकायची, या अटीमागे आधीची गाडी होती. ती सेकंडहँड घेतली होती आणि आमच्या मोताळ्याला येणारे सगळे रस्ते तिने मला दोरीच्या टोकावरून दाखवले होते. कोणी ना कोणी ओळखीचा ओढून आणायचा, मग ओसरीवर बसायचा, मग बायको चहा ठेवायची. "तुमच्या गाडीनं माह्या साखरेचा डबा रिकामा केला," असं ती म्हणायची आणि ते खरं होतं.

नवी गाडी तशी नव्हती. उंच, रुंद, डोंगरदऱ्यांसाठीच बनवलेली. जाहिरातीत ती वाळूच्या टेकडीवरून उडते. माझं हार्डवेअरचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे उडायची वेळ सहसा येत नाही. पण माणसाजवळ सोय असली पाहिजे.

दसऱ्याला मी तिला घासूनपुसून धुतली. इंजिनाच्या पोटाखाली ॲल्युमिनियमचा एक जाड पत्रा असतो, दगड लागू नये म्हणून. त्यावर चिखल बसला होता, म्हणून तो खोलून वेगळा धुतला आणि अंगणात उन्हात ठेवला. तासाभराने बघतो तर आईने त्यावर भुईमुगाच्या ओल्या शेंगा पसरलेल्या.

"आई, हे गाडीचं आहे."

"मंग? गाडी का उपाशी हाये? भोकं हायेत त्याले, खालून वारं लागते. वाळू दे दोन दिस."

पत्रा तिथेच राहिला. शेंगा कोण उचलणार आणि कुठे ठेवणार, हा विचार करायचासुद्धा मला कंटाळा आला.

मग बायको पूजेचं ताट घेऊन आली. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, टाकीवर स्वस्तिक, आणि शेवटी मीटरच्या काचेवर ओल्या कुंकवाचा चांगला ठसठशीत टिळा. "पुसू नका बरं. आपोआप झडू द्या," असं बजावून ती आत गेली. त्या टिळ्याखाली नेमकं काय आहे, याचा विचार करण्याचं मला कारण नव्हतं. गाडीसोबत आलेलं पुस्तक मी अजून प्लास्टिकमधून बाहेर काढलेलं नव्हतं.

आठवड्याभराने दुकान तिथल्या माणसाच्या हवाली केलं आणि सकाळीच धामणगाव बढ्याच्या बाजूला निघालो. डांबरी सोडून शेतांमधल्या पांदणीला लागायचं, नाला ओलांडायचा, टेकडीवर चढायचं आणि जेवायला घरी यायचं, एवढाच बेत. अंगात जाड जाकीट, गुडघ्यांना वाट्या, कोपरांना वाट्या, पायात नडगीपर्यंतचे बूट, हेल्मेटवर कॅमेरा. ऑक्टोबरचं ऊन. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बायांनी मान वर करून पाहिलं.

"फवारणीवाले आले वाटते वं."

"आता कायची फवारणी? कापूस फुटला ना."

"सरकारचे असतीन. ते असेच मागून येतात."

मी हेल्मेटच्या आतून रुबाबात पुढे बघत राहिलो.

नाल्यात गुडघाभर पाणी होतं आणि मला ते उडवायचं होतं, कॅमेऱ्यासाठी. उडालंही छान. पलीकडच्या काठावर चढताना खालून ठण्ण असा आवाज आला, कोणी देवळाची घंटा एकदाच वाजवून निघून जावं तसा. मला वाटलं, पत्र्याला लागला दगड. पत्रा त्यासाठीच असतो. आपला पत्रा या घटकेला अंगणात शेंगा सांभाळतो आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असतं, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

चढाला लागलो आणि इंजिनातून टकटक सुरू झाली. थोडं पुढे एका शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. धुऱ्याला, बांधाच्या कडेला, ट्रॅक्टर-ट्रॉली उभी, पोती भरणं चाललेलं, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक काका ट्रॅक्टरवर बसून सगळ्यांना सूचना देत होते. मी गाडी थांबवली. टकटक थांबली नाही.

काका वाकून बघत म्हणाले, "भाऊ, खालून काहीतरी गळून राह्यलं."

"पाणी असन काका. नाल्यातून आलो."

"नाल्याचं पाणी काळं काऊन व्हईन?"

आता उतरून बघायला हवं होतं. पण उतरलो तर वाकावं लागणार, वाकलो तर दिसणार, आणि दिसलं तर पुढे काय ते समोरच होतं: ट्रॅक्टरच्या मागे जाडजूड साखळी लोंबत होती. ती साखळी, माझी गाडी आणि दारात उभी असलेली बायको, असं एक पूर्ण चित्र डोळ्यांसमोर आलं. मी मीटरकडे नजर टाकली. मीटरवर लाल होतं, पण ते गेला आठवडाभर लालच होतं. कुंकू. म्हटलं, देवाच्या दयेने सगळं ठीक आहे. गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघालो.

टकटकीची खडखड झाली. खडखडीचा पुढे असा आवाज झाला की मला तो लगेच ओळखू आला: आमच्या दुकानातला खिळ्यांचा डबा कोणीतरी जोराने हलवतंय. मी ॲक्सिलरेटर आणखी पिळला. आवाज वाढला की मी जोर वाढवतो, हा माझा स्वभाव संसारातही फारसा कामी आलेला नाही. मग एकदम खट्‌ झालं. मागचं चाक जागीच आवळलं, गाडी घसरत गेली आणि मी कोणाच्यातरी पऱ्हाटीत अलगद आडवा झालो. वाट्या सगळ्या जागच्या जागी होत्या. मला काही झालं नाही. झालं ते सगळं तिला.

उठून बघितलं तर आलेल्या वाटेवर दगडादगडावर तेलाची काळी रेघ, नाल्याकडून थेट माझ्यापर्यंत. इंजिनाच्या तळाला, ज्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात, तिथे बोट जाईल एवढी चीर. आत तेलाचा थेंब नाही. स्टार्टर दाबला तर नुसतं टक्‌. पिस्टन जागेवर चिकटला होता. चावी चालूच होती, म्हणून मी अंगठा थुंकीने ओला केला आणि काचेवरचं कुंकू पुसलं. कुंकू गेलं. लाल राहिलं. तेलाच्या डब्याचं एवढंसं चित्र खालून शांतपणे जळत होतं.

मग मी चिडलो. आधी दगडावर, मग नाल्यावर, मग गाडी बनवणाऱ्यांवर, की एवढा महत्त्वाचा दिवा टिळ्याएवढा काऊन करता बे. मग शेंगांवर. गिअर काढून गाडी वरच्या डांबरी रस्त्याकडे ढकलायला लागलो. दहा हात गेलो की गाडी चढावर मला मागे ढकलायची. बुटात घाम साचून चालताना पचपच वाजत होतं. शेवटी जाकीट काढून फेकलं, ते काट्यात अडकलं, ते सोडवताना शर्ट फाटला.

तेवढ्यात भरलेली ट्रॉली घेऊन काका आले. त्यांना सगळं समजलं होतं, पण विचारल्याशिवाय मजा नसते.

"पाणी संपलं वाटते नाल्याचं."

मी फाटलेला शर्ट खोचला.

"लावू का साखळी? मोताळ्यालेच चाललो."

"साखळी नाही लावाची काका."

"काऊन?"

मी अट सांगितली. काकांनी ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आणि पोत्यांवर बसलेल्या चार गड्यांना ती अट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. ते हसून झाल्यावर एक गडी विचार करून म्हणाला, "वढाची नाही म्हन्ते ना वहिनी? मंग लादा ना. लादाले थे नाही थोडीच म्हन्ली."

चौघांनी आणि मी मिळून गाडी पोत्यांवर चढवली. दोऱ्यांनी बांधली तरी ती डुलत होती, म्हणून ती सरळ धरायला मला तिच्यावर बसावं लागलं. तोंड लपवायला हेल्मेट घातलं. मोताळ्यात असं हेल्मेट एकाच माणसाकडे आहे, हे मला बसस्टँडजवळ आल्यावर आठवलं.

आठवड्यापूर्वी देवीचं विसर्जन झालेलं. त्यात ट्रॅक्टर, ट्रॉली, वर उंचावर बसलेला मी आणि हँडलला अजून सुकलेली झेंडूची माळ.

"कोणत्या मंडळाची राह्यली बे ही देवी?" चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं.

"देवी नाही, वाहन हाये नुसतं. देवी घरी हाये," दुसऱ्याने उत्तर दिलं.

माझ्या दुकानासमोरून गेलो तेव्हा आमचा माणूस बाहेर आला आणि त्याने हात जोडले. तो टिंगल करत होता की नाही, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.

बायको दारातच होती. बातमी ट्रॅक्टरच्या आधी पोचली होती. गाडी उतरवून होईपर्यंत ती कमरेवर हात ठेवून बघत होती. मग म्हणाली, "सांगा."

"वढून नाही आणली," मी म्हणालो. "लादून आणली."

काका ओसरीवर टेकले होते, त्यांनी साक्ष दिली. "हाव बाई. साखळीले हात नाही लावला."

"आणि झालं कायनं?"

इथे मी माझं मुख्य शस्त्र काढलं. दिवा, टिळा, टिळ्याचा रंग, दिव्याचा रंग, सगळं नीट समजावून सांगितलं. चावी फिरवून लाल दिवा दाखवला. तिने काचेकडे बघितलं, बोटाने उरलेलं कुंकू खरवडलं आणि खरंच तिचा चेहरा पडला. मी जिंकत होतो. मग ती वाकली, इंजिनाखाली बघितलं आणि विचारलं, "याच्या खाली पत्रा राह्यते ना? थो कुठं हाये?"

ओसरीवर बसलेली आई उठून आत गेली. शेंगा अजून अंगणातच होत्या, पार वाळलेल्या.

"आवाज आल्यावर थांबले व्हते का तुमी?" बायकोने मला विचारलं.

"थांबले व्हते ना," काका म्हणाले. "म्या सांगतलं, काळं गळून राह्यलं. तं म्हन्ले, पाणी हाये."

बायकोने काकांसाठी चहा ठेवला. साखर जरा जोरातच टाकली गेली असावी, चमच्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी बुलडाण्याहून मेकॅनिक येऊन बघून गेला. पिस्टन गेला, सिलिंडर गेलं, चेंबर नवा लागेल, सामान बाहेरून मागवावं लागेल, दिवाळीनंतर पाहू. गाडी विकायची की नाही, हा प्रश्न मी काढला नाही. तिनेच काढला.

"लादून आणली म्हन्ता, तं मी बोलली नाही. अट म्हंजे अट. पण खरं सांगू का, इकाले काढली असती तरी ही आता घेतली कोणं असती?"

म्हणजे गाडी राहिली. माझी बाजू खरी ठरली म्हणून राहिली, असं मी दुकानात सांगतो.

लक्ष्मीपूजनाला ती पुन्हा ताट घेऊन अंगणात आली. टाकीवर स्वस्तिक काढलं, हँडलला माळ घातली. मीटरजवळ आल्यावर थांबली.

"चावी फिरवा बरं."

मी फिरवली. लाल दिवा लागला. ती बारकाईने बघत राहिली आणि टिळा त्याच्यापासून चांगला वीतभर लांब, आरशाच्या मागे लावला.

"आता दिसते ना नीट?"

"दिसते," मी म्हणालो.

आईने शेंगांची वाटी हातात दिली. मी त्या अवजड, जागच्या जागी उभ्या लोखंडावर बसून शेंगा खात होतो आणि दिवा इतका स्वच्छ दिसत होता की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसला असता.