अँबेसेडरची मागची सीट, झेनची पुढची

"झेन विकून टाक. अँबेसेडर दारात हाय म्हणून घराले वजन हाय."

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पोर्चमध्ये बोलत होते. सल्ला द्यायला ते खास अकोल्याहून आले होते. मी चहाचा ट्रे धरून जाळीच्या दाराआड उभी होते. अमरावतीतच आम्ही फ्लॅटमध्ये राहायला जाणार होतो. तिथे पार्किंग एक आणि गाड्या दोन: आजोबांची पांढरी अँबेसेडर आणि नव्वदच्या दशकातली आईची झेन. झेन पाहायला संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

"एकदा दोन्हीत बसून तर पाहू, दादा," बाबा म्हणाले. मागे बसून मत द्यायला मला घेतलं, कारण घरात रिकामी मीच होते.

आधी अँबेसेडर. स्टेअरिंगजवळचा गियर ओढत मोठे बाबा सांगू लागले, "मूर्तिजापूरच्या लग्नाले हिच्यात नऊ जण गेलतो आमी."

"मागच्या वेळी सात म्हणाला होतास," बाबा म्हणाले.

"दोन पोट्टे डिकीत होते ना."

मी मागे पाय पसरून बसले. लहानपणी या सीटवर मी आडवी झोपायचे. पुढच्यांचं बोलणं अर्धवट ऐकू यायचं आणि मला कोणी काही विचारायचं नाही. म्हणून ती सीट मला अजून आवडते.

"कशी वाटली, बेटा?"

"छान."

शाळेत इंग्रजी, घरी वऱ्हाडी. मोठ्यांपुढे कोणत्या भाषेत बोलावं हे ठरेपर्यंत विषय संपलेला असतो.

मग झेन. मोठ्या बाबांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. "लेका, हे गाडी हाय का टिफिन?" पण राजकमल चौकातल्या गर्दीतून ती सहज निघाली.

झेनमध्ये माझी जागा आईच्या शेजारची. ट्यूशनला ती मला हिच्यातूनच सोडायची. दोघींची नजर रस्त्यावर, एकमेकींचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे गणितात नापास झाल्यापासून नोकरी सोडण्यापर्यंत सगळं मी तिला सिग्नलवर सांगितलं. घरात आम्ही दूध आलं का, एवढंच बोलतो.

परत आलो. आई झेनच्या काचा पुसू लागली, गिऱ्हाइकासाठी. त्याला वेळ कळवायला बाबांनी फोन हातात घेतला.

मोठे बाबा अँबेसेडरच्या बॉनेटवर हात फिरवत होते. "अशी गाडी आता बनत नाही बाप्पा. ज्याच्या दारात हे उभी, तो नशीबवान. सांग बेटा, कोणती ठेवाची?"

आईचा हात काचेवर थांबला.

"मोठे बाबा," मी म्हणाले, "तुमच्या अंगणात जागा हाय. अँबेसेडर तुमीच अकोल्याले घेऊन जा. झेन आमाले राहू द्या."